घरचा मोडेम कधी बदलायचा आणि कोणता घ्यायचा? हरिहरेश्वरच्या घरातून समजून घ्या ब्रॉडबँडची नवी मानकं

सलग सुट्ट्या आल्या की हरिहरेश्वरला गर्दी होते. गावातल्या घरगुती राहण्याच्या सोयीत पाहुणे जेवणाच्या आधी एक प्रश्न विचारतात : "वायफाय आहे ना?" वायफाय असतं. पण ओटीवर नीट चालणारा व्हिडिओ मागच्या खोलीत अडकतो. यूपीआयने पैसे देताना चक्र फिरत राहतं. चार दिवस इथूनच काम करू, असं ठरवून आलेल्या पाहुण्याची मीटिंग मध्येच तुटते. मग कोणीतरी सल्ला देतं, "मोडेम जुना झालाय, नवा घ्या."

हा सल्ला कधी बरोबर असतो, तर कधी साफ चुकतो. इंटरनेट घरात येतं ते एका साखळीतून : बाहेरची तार, मोडेम, राउटर, वायफाय आणि शेवटी हातातला फोन. यातली सगळ्यात कमकुवत कडी जेवढा वेग देईल, तेवढाच वेग फोनवर मिळतो. बाकीच्या कड्या कितीही महागाच्या असल्या तरी त्याने फरक पडत नाही.

थोडक्यात सांगायचं तर

- मोडेम हा घरात येणाऱ्या तारेला जुळणाराच लागतो. एका प्रकारच्या तारेचा मोडेम दुसऱ्या तारेवर चालत नाही.
- नवं मानक आलं म्हणून जुना मोडेम लगेच बंद पडत नाही.
- मागच्या खोलीत वेग मिळत नसेल तर बहुतेक वेळा दोष मोडेमचा नसून वायफायचा आणि भिंतींचा असतो.
- नवा बॉक्स विकत घेण्याआधी तीन सोप्या चाचण्या करा. त्या पुढे दिल्या आहेत.

मोडेम, राउटर आणि ओएनटी : कोणता बॉक्स काय करतो?

'मोडेम' हा शब्द मॉड्युलेटर आणि डीमॉड्युलेटर या दोन शब्दांपासून तयार झाला. तारेतून येणारा सिग्नल संगणकाला कळेल अशा रूपात आणणं आणि संगणकाकडची माहिती तारेतून जाईल अशा रूपात पाठवणं, हे मोडेमचं काम. राउटर ते एकच कनेक्शन घरातल्या अनेक उपकरणांना वाटून देतो. वायफाय म्हणजे हे वाटप बिनतारी करण्याची पद्धत.

फायबर कनेक्शनमध्ये मोडेमच्या जागी असतो ओएनटी. काहीजण त्याला ओएनयू म्हणतात. काचेच्या तंतूतून आलेल्या प्रकाशाचं तो विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करतो. आजकाल ही तिन्ही कामं एकाच बॉक्समध्ये होतात, म्हणून घरात सगळ्यालाच 'मोडेम' किंवा 'वायफायचा बॉक्स' म्हटलं जातं. घोटाळा इथूनच सुरू होतो. वायफाय कमजोर असतं आणि बदलला जातो मोडेम.

आधी बघा, घरात तार कोणती आली आहे

बॉक्सच्या मागे डोकावलं की उत्तर मिळतं. साधारण चार प्रकार दिसतात.

१. टेलिफोनची तांब्याची तार. भारताच्या २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात किमान २५६ केबीपीएस वेगाला ब्रॉडबँड म्हटलं होतं. बीएसएनएलची डेटावन सेवा जानेवारी २००५ मध्ये सुरू झाली ती याच तारेवर, एडीएसएल पद्धतीने. त्याच्या सुधारित एडीएसएल२+ या मानकाची कमाल मर्यादा २४ एमबीपीएस आहे. तीही एक्सचेंजच्या अगदी जवळ असलेल्या घरांसाठी. अंतर वाढलं की वेग झपाट्याने घसरतो.

२. टीव्हीची जाड गोल केबल. हिला कोअ‍ॅक्सिअल केबल म्हणतात. मधोमध एक तार आणि टोकाला फिरवून बसवायचा धातूचा कनेक्टर असतो. खऱ्या अर्थाने 'केबल मोडेम' लागतो तो या तारेला.

३. लॅन केबल. आत आठ बारीक तारा, टोकाला पारदर्शक प्लास्टिकचा जॅक. अनेक ठिकाणी केबलवाला जवळच्या खांबापर्यंत किंवा इमारतीपर्यंत फायबर आणतो आणि तिथून घरात लॅन केबल टाकतो. अशा घरात मोडेम लागतच नाही, फक्त राउटर लागतो.

४. फायबर. बारीक, बहुधा काळी किंवा पांढरी चपटी केबल. टोकाला हिरवा किंवा निळा चौकोनी कनेक्टर असतो.

याशिवाय छपरावर किंवा खिडकीत अँटेना लावून मिळणारं ५जी किंवा रेडिओ कनेक्शनही असतं. त्याचा बॉक्स पूर्ण वेगळा.

केबल मोडेमची मानकं : डॉक्सिस

टीव्हीच्या केबलवरून इंटरनेट नेण्याच्या मानकाचं नाव डॉक्सिस. अमेरिकेतल्या केबललॅब्स या संस्थेने ते तयार केलं. त्याची पहिली आवृत्ती १९९७ ची.

डॉक्सिस ३.० हे २००६ साली आलं. यात टीव्हीचे अनेक चॅनेल एकत्र बांधून त्यांवरून माहिती पाठवता येते. युरोपीय पद्धतीच्या एका चॅनेलवर साधारण ५० एमबीपीएस मिळतात. म्हणजे आठ चॅनेल बांधणारा मोडेम सुमारे ४०० एमबीपीएसपर्यंत जाऊ शकतो. २०१३ च्या डॉक्सिस ३.१ ने ही मर्यादा तत्त्वतः १० जीबीपीएसवर नेली. त्यानंतरच्या डॉक्सिस ४.० मध्ये अपलोडचा कमाल वेग ६ जीबीपीएसपर्यंत वाढवला आहे.

नवा मोडेम जुन्या जाळ्यावर चालतो, पण जुन्याच वेगाने. केबल कंपनीच्या केंद्रातलं यंत्र ३.० चं असेल तर घरात ३.१ चा मोडेम बसवून वेग वाढत नाही. मोडेम बदलण्याचा फायदा दोनच स्थितीत होतो. एक, कंपनीने आपलं जाळं सुधारलं आहे आणि घरचा मोडेम मागे राहिला आहे. दोन, तुमचा प्लॅन मोडेमच्या मर्यादेपेक्षा मोठा आहे.

महाराष्ट्रात केबल मोडेम मुख्यतः मोठ्या शहरांत पसरले. लहान गावांतल्या केबल टीव्हीच्या तारा सिग्नल एकाच दिशेने, म्हणजे घराकडे नेण्यासाठी टाकलेल्या होत्या. वाटेतले अ‍ॅम्प्लिफायरही एकाच दिशेचे. इंटरनेटला मात्र माहिती परत पाठवावी लागते. त्यासाठी गावभरचे अ‍ॅम्प्लिफायर बदलण्यापेक्षा फायबर टाकणं अनेक केबलवाल्यांना सोयीचं पडलं. म्हणून कोकणात 'केबलचं इंटरनेट' म्हटलं तरी प्रत्यक्षात घरात फायबर किंवा लॅन केबल आलेली असण्याची शक्यता जास्त.

परदेशातून आणलेला मोडेम चालेल का?

अमेरिकेत अनेक केबल कंपन्या मोडेमचं मासिक भाडं घेतात. ग्राहकाने मान्यताप्राप्त यादीतला स्वतःचा मोडेम घेतला तर भाडं वाचतं. तिथे राहणारी मराठी कुटुंबंही हा हिशेब करतात. त्यामुळे सुट्टीवर येणारा मुलगा किंवा पुतण्या गावच्या घरासाठी चांगला महागाचा केबल मोडेम बॅगेत घेऊन येण्याची शक्यता असते.

हरिहरेश्वरच्या घरात तो बहुतेक निरुपयोगी ठरेल. घरात फायबर असेल तर तो कनेक्टरच बसणार नाही. कोअ‍ॅक्सिअल केबल असली तरी अमेरिकी पद्धतीत चॅनेल ६ मेगाहर्ट्झ रुंद असतो आणि युरोपीय पद्धतीत ८, त्यामुळे जुळणीचा प्रश्न येतो. शिवाय मोडेमचा क्रमांक कंपनीच्या यादीत नोंदवल्याशिवाय तो सुरू होत नाही. तिकडून आणायचंच असेल तर राउटर आणता येईल. राउटर कोणत्याही प्रकारच्या कनेक्शनच्या पुढे जोडता येतो. फक्त त्याचा अडॅप्टर २३० व्होल्टवर चालतो ना, हे आधी बघावं.

फायबरची मानकं : जीपॉन, ईपॉन आणि एक्सजीएस-पॉन

फायबर म्हणजे प्रत्येक घराला स्वतंत्र तार, असा समज असतो. तसं नसतं. केंद्रातून निघालेला एक तंतू वाटेत स्प्लिटरमध्ये फुटतो आणि ३२ किंवा ६४ घरांमध्ये वाटला जातो.

जीपॉन हे मानक २००३ पासूनचं. त्यात घरांकडे येणारा एकूण वेग सुमारे २.५ जीबीपीएस आणि परत जाणारा सुमारे १.२५ जीबीपीएस असतो. ३२ घरांनी एकाच क्षणी पूर्ण वापर केला तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ७८ एमबीपीएस येतील. प्रत्यक्षात सगळे एकाच क्षणी डाउनलोड करत नाहीत, म्हणून १०० किंवा २०० एमबीपीएसचे प्लॅन यावर आरामात चालतात. ईपॉन हे २००४ चं मानक असून त्यात दोन्ही दिशांना १ जीबीपीएस मिळतात.

२०१६ मध्ये आलेलं एक्सजीएस-पॉन दोन्ही दिशांना १० जीबीपीएस देतं. ते प्रकाशाची वेगळी तरंगलांबी वापरतं. जीपॉनचा घराकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा, तर एक्सजीएसचा १५७७ नॅनोमीटरचा. त्यामुळे एकाच तंतूवर दोन्ही सेवा शेजारी शेजारी चालू शकतात. कंपनीने नवी सेवा सुरू केली तरी शेजारच्या घरातला जुना ओएनटी चालू राहतो, तो यामुळे.

एक सावधगिरी. जीपॉनचा ओएनटी ईपॉनच्या जाळ्यावर चालत नाही. बाजारात दोन्हींवर चालणारे बॉक्स मिळतात, त्यांना 'एक्सपॉन' म्हणतात. तरीही केबलवाल्याने त्याचा क्रमांक आपल्याकडे नोंदवला तरच तो सुरू होतो.

वायफाय आणि जांभ्याच्या भिंती

वायफायची मानकं मोडेमपेक्षा वेगळी असतात. वायफाय ४ हे २००९ चं, वायफाय ५ साधारण २०१३ चं. वायफाय ६ ची प्रमाणपत्रं २०१९ पासून आणि वायफाय ७ ची जानेवारी २०२४ पासून दिली जाऊ लागली. अनेक उपकरणं एकाच वेळी जोडलेली असतील तर वायफाय ६ चा फायदा जाणवतो. पाच खोल्या आणि पंधरा फोन असलेल्या घरात म्हणूनच ते उपयोगी आहे.

राउटर दोन पट्ट्यांवर चालतो. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा लांब पोचतो, पण संथ असतो आणि शेजारच्या वायफायची गर्दी त्याला जास्त त्रास देते. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, पण भिंत मध्ये आली की लवकर मरतो. भारतात या पट्ट्याचा मोठा भाग ऑक्टोबर २०१८ मध्ये विनापरवाना वापरासाठी खुला झाला. त्याआधीचे स्वस्त राउटर बहुधा फक्त २.४ वर चालणारे आहेत. असा राउटर घरात असेल तर तो बदलण्यात अर्थ आहे.

कोकणातली जुनी घरं जांभ्याची, भिंती जाड. पावसाळ्यात ओल धरलेली भिंत सिग्नल आणखी शोषते. नंतर बांधलेल्या खोल्यांवर पत्रे असतील तर धातू सिग्नल परतवतो. राउटर ओटीवर, दाराजवळ ठेवलेला असतो, कारण तार तिथून आत येते. आणि पाहुण्यांच्या खोल्या असतात मागे, वाडीच्या बाजूला. वायफाय ७ चा राउटर आणला तरी या भिंती त्याला अडवणारच.

उपाय साधा आहे. राउटर माजघरात, उंचावर आणि उघड्यावर ठेवावा. मागच्या भागासाठी लॅन केबल ओढून तिथे दुसरा राउटर किंवा अ‍ॅक्सेस पॉइंट लावावा. लॅन केबल १०० मीटरपर्यंत चालते. स्वस्त रिपीटर मात्र जपून घ्यावा. तो कमजोर सिग्नलच पुढे पाठवतो आणि एकच पट्टा घेण्या-देण्यासाठी वापरत असेल तर वेग निम्म्यावर येतो.

तीन चाचण्या : कमकुवत कडी कशी शोधायची?

पहिली चाचणी. लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा आणि वेग मोजा. प्लॅनएवढा वेग आला तर बाहेरची तार आणि मोडेम ठीक आहेत. १०० पेक्षा मोठा प्लॅन असूनही वेग ९४-९५ एमबीपीएसवर अडत असेल तर कुठेतरी १०० एमबीपीएसचा पोर्ट आहे किंवा लॅन केबलच्या आठपैकी चारच तारा जोडल्या आहेत. हा दोष जॅक नीट बसवून किंवा केबल बदलूनही सुटतो.

दुसरी चाचणी. राउटरपासून दोन-तीन मीटरवर उभं राहून फोनवर, ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर वेग मोजा. तारेने चांगला वेग आणि इथे फारच कमी, तर राउटर किंवा फोन जुना आहे.

तिसरी चाचणी. हीच मोजणी मागच्या खोलीत करा. जवळ चांगला आणि इथे वाईट, तर प्रश्न भिंतींचा आणि राउटरच्या जागेचा आहे. मोडेमला हात लावू नका.

या चाचण्या सकाळी एकदा आणि रात्री नऊच्या सुमारास एकदा करा. सकाळी वेग येतो आणि फक्त रात्री पडतो, तर गर्दी केबलवाल्याच्या जाळ्यात आहे. घरातलं कोणतंही यंत्र बदलून ती कमी होणार नाही.

फायबर असेल तर ओएनटीच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची शक्ती दिसते. त्या पानाचा पत्ता बॉक्सखालच्या पट्टीवर छापलेला असतो. नेहमीच्या जीपॉन ओएनटीला उणे ८ ते उणे २७ डीबीएम इतका प्रकाश लागतो. आकडा उणे २५ च्या पलीकडे गेला असेल तर केबलवाल्याला दाखवा. दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो. वाकलेली केबल, मळलेला कनेक्टर किंवा वाटेतला कच्चा जोड, यांपैकी काहीतरी कारण असतं. 'लॉस' नावाचा लाल दिवा लागला तर प्रकाश पोचतच नाही, असा त्याचा अर्थ. फायबरच्या टोकात डोळा लावून बघू नये. लेझरचा प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

समुद्र, पाऊस आणि लाईट

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन तालुक्यात घरांची छपरं उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब कोसळले. खांबांवरून गेलेल्या केबलचं काय होतं, हे तेव्हा किनाऱ्यावरच्या गावांनी अनुभवलं. अशा वेळी घरातला मोडेम कोणत्या मानकाचा आहे, याला काही अर्थ उरत नाही. ज्याचा सगळा व्यवहार ऑनलाइन आहे, त्याने दुसऱ्या कंपनीचं मोबाइल सिम राखीव ठेवावं.

रोजच्या वापरात तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

खारी हवा. धातूचे कनेक्टर गंजतात. कोअ‍ॅक्सिअल केबलचा बाहेरचा जोड गंजला की वेग घसरतो आणि दोष मोडेमला दिला जातो. तो जोड आधी बदलून बघावा.

वीज पडणं. मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात कडकडाट होतो, तेव्हा बाहेरून आलेल्या तांब्याच्या तारेतून विजेचा झटका आत येऊन पोर्ट जळतो. टेलिफोनची तार, टीव्हीची केबल आणि दोन घरांमध्ये ओढलेली लॅन केबल या तिन्हींना हा धोका आहे. फायबरची काच वीज वाहून नेत नाही. जुनी तार सोडून फायबर घेण्याचं कोकणातलं हे एक भक्कम कारण आहे, वेगाइतकंच. मात्र केबलला आधार देणारी पोलादी तार बॉक्सपर्यंत आत आणू नये, ती बाहेरच खुंटीला बांधून संपवावी.

लाईट जाणं. ओएनटी आणि राउटर बहुधा १२ व्होल्टवर चालतात. त्यांच्यासाठी छोटा युपीएस मिळतो. घेताना अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळतात का ते बघावं आणि अडॅप्टरवर बीआयएसचा नोंदणी क्रमांक असावा.

मग किती वेग पुरेसा?

जानेवारी २०२३ पासून भारतात किमान २ एमबीपीएस वेगाला ब्रॉडबँड म्हणतात. एका एचडी व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस लागतात, फोरके व्हिडिओला १५ च्या आसपास, व्हिडिओ कॉलला तीन-चार. यूपीआयच्या व्यवहाराला अगदी थोडा डेटा लागतो. तो अडतो, तेव्हा बहुधा वेग कमी नसून कनेक्शन तुटक असतं.

पाच खोल्यांच्या घरात प्रत्येक खोलीत एक व्हिडिओ आणि एक कॉल धरला तरी एकूण गरज ४५ एमबीपीएसच्या आत बसते. म्हणजे १०० एमबीपीएसचा प्लॅन, साधा जीपॉन ओएनटी आणि योग्य जागी लावलेले दोन वायफाय ६ राउटर पुरेसे आहेत. १० जीबीपीएसच्या मानकाची वाट बघत बसायची गरज नाही.

बदलायचंच ठरलं तर विचारायचे प्रश्न

- माझं कनेक्शन कोणत्या पद्धतीचं आहे : डॉक्सिस, जीपॉन, ईपॉन की लॅन?
- बॉक्स कंपनीचा की माझा? कंपनीचा असेल तर प्लॅन वाढवताना बदलून मिळेल का? अनामत रक्कम परत कधी मिळेल?
- माझा राउटर लावायचा तर ओएनटी ब्रिज मोडवर टाकून द्याल का? युजरनेम-पासवर्ड द्याल का?
- जुन्या राउटरचा मॅक क्रमांक तुमच्याकडे बांधलेला आहे का? असेल तर नवा जोडताना तो सोडवून द्यावा लागतो.

वेग चांगला असूनही मोडेम बदलण्याचं एक कारण उरतं. उत्पादक कंपनीने सॉफ्टवेअरचे अपडेट देणं बंद केलं असेल तर तो राउटर सुरक्षित राहत नाही. पाहुण्यांचे फोन ज्या वायफायला जोडले जातात, त्याच वायफायवरून घरचे बँक व्यवहार होत असतील तर ही बाब दुर्लक्ष करण्यासारखी नाही. पाहुण्यांसाठी वेगळं 'गेस्ट' वायफाय सुरू करावं आणि बॉक्सवर छापलेला मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा.

बदललेला जुना बॉक्स कंपनीचा असेल तर परत करून पावती घ्यावी. स्वतःचा असेल तर आधी रिसेट करावा आणि मग ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांमध्ये मोडेम आणि राउटरही येतात. तो कचऱ्यात किंवा समुद्राकडच्या ओढ्यात जाता कामा नये.